खारीची शी, बाबांचा पाय आणि मायक्रोस्कोपवाला दवाखाना

चार स्टार. पाचवा पार्किंगने खाल्ला, त्याचं रडगाणं पुढे गाते.

हा रिव्ह्यू ठाण्यातल्या एका प्राण्यांच्या दवाखान्याचा आहे, घोडबंदर रोडवरून आत वळलं की एक मेडिकल आणि एक झेरॉक्सवाला यांच्या मधून अरुंद जिना जातो त्याच्या वरचा. नाव मुद्दाम लिहीत नाहीये. मागे मी एका फेशियलवालीचं असंच कौतुकाने नाव लिहिलं तर आता मलाच तिच्याकडे पंधरा पंधरा दिवस नंबर लागत नाही. त्या बाजूला कुत्रं-मांजर असणाऱ्यांनी जिना म्हटल्यावर ओळखलंच असेल, आणि बाकीच्यांनी चिडू नका, दवाखाना निवडताना काय बघायचं एवढं तरी यातून कळेल.

तर आमची खारी. देशी, रंग खारी बिस्किटाचा म्हणून खारी. मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पार्किंगमधे माझ्या अ‍ॅक्टिव्हाखाली कुडकुडत बसलेली सापडली, दोन महिन्यांची असेल नसेल, पोट ढोलासारखं टम्म आणि बाकी नुसती हाडं. तेव्हा तिला जवळच्याच एका चकाचक ठिकाणी नेलं होतं, एसी, काचेचं दार, कुत्र्यांसाठी केक वगैरे. तिथे 'पपी पॅकेज' होतं, त्यात लसी, नखं कापणं, आंघोळ, गळ्यात लाल बो आणि एक जंतांची गोळी. फोटो मस्त आले. शी तपासून घ्या असं मात्र तिथे कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि आपल्याला तरी कुठे माहिती असतं. मग पुढे मीच दर तीन महिन्यांनी मेडिकलमधून एक गोळी आणायचे, चपातीत गुंडाळून द्यायचे आणि कॅलेंडरवर टिक करायचे, फार जबाबदार वाटायचं स्वतःला. स्ट्रिपवर बारीक अक्षरात १० किलोला एक गोळी असं लिहिलंय हे मी वाचलंच नव्हतं, खारी तोवर १४ किलोच्या घरात गेली होती आणि आम्ही आपले एकच गोळी चालू ठेवलेली. तिला वजनकाट्यावर उभं करा असं ना मेडिकलवाला म्हणाला ना मला सुचलं.

यावर्षी जुलैत दोन गोष्टी एकदम झाल्या आणि त्या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

पहिली, खारी मलूल झाली. शी काळी, चिकट, डांबरासारखी. सकाळी पाववाल्याची घंटी वाजली की ही दाराशी तीन उड्या मारते, ती नुसती कान हलवून पडून राहायला लागली.

दुसरी, बाबांचा पाय. आमचे बाबा रेल्वेत सिग्नलला होते, रिटायर झाल्यापासून रोज पहाटे सोसायटीच्या लॉनवर अनवाणी चालतात, दवावर चाललं की चष्म्याचा नंबर कमी होतो म्हणून. नंबर गेली आठ वर्षं तोच आहे पण ते असो. त्यांच्या उजव्या तळपायाच्या खोलगट भागात एक लाल नागमोडी रेघ उठली, आणि खाज अशी की रात्री दोनला उठून पाय लादीवर घासत बसायचे. जवळच्या एका डॉक्टरांनी (माणसांच्या) टेबलाच्या पलीकडूनच बघून नायटा आहे म्हणून मलम लिहून दिलं, दहा दिवस लावा. बाबांनी लावलं. पण बाबा सिग्नलवाले, त्यांचा नोंदीवर विश्वास. त्यांना संशय आला की रेघ पुढे सरकतेय, मग रोज संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की रेघेच्या टोकाला निळ्या बॉलपेनने ठिपका द्यायचे आणि बाजूला तारीख. आईने कपाळावर हात मारला. मी सुद्धा हसले, आता लाज वाटते.

खारीला घेऊन या जिन्यावाल्या दवाखान्यात गेले ते मावसबहिणीने सांगितलं म्हणून. फोन कोणी उचलत नाही हे आधीच सांगते, सहा वेळा केला, सरळ जाऊन टोकन घ्यायचं. आमचा नंबर १९ आणि आत चालू होता ८. दीड तासाच्या वर बसलो. बसायला सहा खुर्च्या, एकच पंखा, फिनेलचा वास, आणि मांजरांना वेगळी जागा नाही म्हणजे एका बाजूला टोपलीत फिस्कारणारी मांजर आणि दुसरीकडे लॅब्रडॉर. हे त्यांनी सुधारायलाच हवं.

काउंटरवरच्या दादाने पहिला प्रश्न विचारला, "शी आणलीय का?" मी म्हटलं नाही, नुसतं दाखवायलाय. तर म्हणाला, "ताई, मग डॉक्टर परत पाठवतील, उद्या ताजी घेऊन या, दोन-तीन तासांच्या आतली, आणि उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमधे ठेवा." म्हणजे दीड तास फुकट गेला म्हणून मी तिथेच भडकणार होते, तेवढ्यात डॉक्टरांनी आतून डोकं बाहेर काढलं, खारीचा ओठ वर करून हिरडी दाबून बघितली, पांढरट दिसली तसं म्हणाले हिला थांबवा, रक्त आत्ता घेतो, शी उद्या. हिमोग्लोबिन कमी निघालं. दुसऱ्या दिवशी आम्ही टोकनशिवाय आत, कारण फाइलवर लाल पेनाने मोठ्ठं वर्तुळ करून ठेवलं होतं.

घरी फ्रिजचा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "माझ्या फ्रिजमधे? आधी मला घराबाहेर काढा, मग ठेवा." शेवटी बाबांनी तिची लोणच्याची छोटी डबी गुपचूप उचलली, सहा वाजता खारीच्या मागे मागे फिरून सॅम्पल घेतलं, तीन पिशव्यांत गुंडाळलं आणि कोपिनेश्वराचा प्रसाद आणल्यासारखं दोन हातात धरून रिक्षात बसले.

आता जे आवडलं ते. यांच्याकडे शी तपासायला बाहेर पाठवत नाहीत, काउंटरच्या मागे पार्टिशन टाकून छोटीशी जागा केलीय, तिथे एक ताई बसतात आणि एक जुना मायक्रोस्कोप. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर. ताईंनी वाटाण्याएवढा तुकडा घेतला, प्लॅस्टिकच्या कपात मिठाच्या घट्ट पाण्यात कालवला, साध्या चहाच्या गाळणीने (चहाची नाही, वेगळी ठेवलेली, मी विचारलं) गाळला, नळीत काठोकाठ भरला, इतका की पाणी वर फुगल्यासारखं दिसतं, आणि त्यावर पातळ काच अलगद ठेवली. मग पंधरा मिनिटांचा टायमर. अंडी हलकी असतात, मिठाचं पाणी जड, म्हणून ती तरंगत वर येऊन काचेला चिकटतात. बाबा बघत होते ते एकदम खुश, "अहो हे तर भाताचं बियाणं!" आमच्या रोह्याकडच्या गावात पेरणीच्या आधी मिठाच्या पाण्यात भात टाकतात, पोचट दाणे वर येतात. "फक्त आमच्यात तरंगलेलं फेकतात आणि तुमच्यात तरंगलेलं बघतात." ताई जाम हसल्या.

मग डॉक्टरांनी आम्हाला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. हा भाग मला विसरता येत नाही. भिजलेला साबुदाणा असतो ना, कडेने पारदर्शक, तसं लांबट गोल काहीतरी आणि आत सात-आठ काळपट गोळे एकमेकांना चिकटून बसलेले. एक नाही, काच जरा सरकवली की अजून एक, अजून एक. हुकवर्म नावाच्या जंतांची अंडी. हे जंत आतड्याला दातांनी पकडून रक्त पितात, म्हणून हिरडी पांढरी आणि शी डांबरासारखी, रक्त पचून काळं होतं. खारी टेबलावर शांत उभी होती आणि मला तिथेच रडू आलं, कॅलेंडरवरच्या सगळ्या टिका डोळ्यांसमोर आल्या. डॉक्टर काही गोड बोलत नाहीत हं, त्यांनी सरळ सांगितलं की अर्धवट डोस म्हणजे जंतांना गुदगुल्या. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमधे नेहमीच्या दोन-तीन औषधांना दाद न देणारे हुकवर्म तयार झालेत, म्हणून आता गोळी दिल्यावर परत शी तपासून गोळी लागू पडली का ते बघायचं, अंदाजपंचे नाही.

आणि मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला अंगावर खाज?"

मी नाही म्हणणार होते. बाबांनी निमूट चप्पल काढली.

डॉक्टर खाली वाकले, टॉर्च मारला, आणि निळे ठिपके बघून थांबलेच. चार दिवसांत जवळपास चार बोटं अंतर, तारखेसकट. म्हणाले, "काका, इतकी चांगली नोंद माझे विद्यार्थीसुद्धा ठेवत नाहीत." मग समजावलं. कुत्र्या-मांजरांच्या हुकवर्मची अंडी शीतून मातीत पडतात, ओल आणि सावली असली की एक-दोन दिवसांत फुटतात, आठवड्याभरात अळी तयार होऊन ओल्या गवतात वाट बघत बसते आणि अनवाणी पाय पडला की कातडीतून आत शिरते. कुत्र्याच्या पायात शिरली तर पुढे आतड्यापर्यंत जाते. माणसाच्या कातडीत बहुतेकदा तिला खालचा थर फोडता येत नाही, मग ती वरच्या वर रस्ता चुकल्यासारखी नागमोडी फिरत राहते, दिवसाला काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर. ती रेघ म्हणजे तिची चाल. नायटा असा धावत नाही.

आता इथे मला डॉक्टर खरंच पटले, कारण त्यांनी बाबांना गोळी दिली नाही. बाबांनी मागितली, मीही आग्रह केला, पैसे देतो म्हटलं. ते म्हणाले मी माणसांचा डॉक्टर नाही, प्रिस्क्रिप्शन लिहिणार नाही, पण चिठ्ठी लिहितो की घरातल्या कुत्र्याच्या शीत हुकवर्म सापडलेत, ती स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. गेलो. त्या स्किनच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, पाय बघितला, दोन मिनिटांत निदान आणि गोळ्या. तिसऱ्या दिवसापासून ठिपका पुढे सरकला नाही, खाज आठवडाभर राहिली. आधीचं दहा दिवसांचं मलम गेलं पाण्यात. पहिल्या डॉक्टरांवर मला राग आहे तो चुकीचं सांगितल्याचा नाही, खुर्चीतून न उठता सांगितल्याचा आहे.

थोडं त्या दिवशी कळलेलं लिहिते, कारण आमचा टायमर वाजेपर्यंत डॉक्टर बोलत होते आणि मला असं वाटत होतं की फीपेक्षा जास्त मिळतंय. मुंबईतल्या भटक्या कुत्र्यांमधे हुकवर्म किती, यावर २०१४ मधे छापलेला एक अभ्यास आहे, त्यात परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजमधली मंडळी पण होती. सिक्कीम, मुंबई, दिल्ली आणि लडाख या चार ठिकाणच्या ४११ भटक्या आणि शेल्टरमधल्या कुत्र्यांची शी तपासली. मुंबईत ४८.८ टक्के कुत्र्यांत हुकवर्म निघाले, म्हणजे दोनातलं जवळपास एक. सिक्कीममधे ७१.३ टक्के. आणि नुसती अंडी मोजून थांबले नाहीत, पीसीआर (डीएनएची तपासणी) करून जात ओळखली, तर मुंबईत नेहमीच्या जातीबरोबर सिलोनिकम नावाची दुसरी पण सापडली (सिलोनवरून नाव). ही दुसरी जरा डेंजर, कारण ती माणसाच्या कातडीत अडकून बसत नाही, पार आतड्यात जाऊन मोठी होऊ शकते, पोटदुखी, रक्त कमी होणं, सगळं. मी लगेच विचारलं खारीला कुठली? तर म्हणाले मायक्रोस्कोपखाली दोन्हींची अंडी सारखीच दिसतात, माझ्याकडे ते सांगायची सोय नाही. हे असं स्पष्ट बोलणारे किती असतात.

भिंतीवर एक पिवळा पडलेला चार्ट आहे, मेंढी, कुत्रा आणि माणसाचं लिव्हर, बाणांनी जोडलेलं. मी आधी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं खारीला काय खायला घालता, मी अभिमानाने सांगितलं की मटणवाल्याकडून आठवड्यातून एकदा फुप्फुसं आणते, कच्चीच, कुठेतरी वाचलं होतं कच्चं चांगलं म्हणून. ते चार्टकडे बोट दाखवून गप्प बसले. मग सांगितलं. शेळ्या-मेंढ्यांच्या लिव्हर-फुप्फुसात पाण्याच्या गाठी असतात काही वेळा, हायडॅटिड म्हणतात, त्या कुत्र्याने कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात तांदळाच्या दाण्याहून लहान टेपवर्म हजारोंनी होतात, कुत्रा ठणठणीत दिसतो, पण त्याच्या शीतली अंडी हाताला लागून माणसाच्या पोटात गेली तर गाठ आपल्या लिव्हरमधे, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, नारळाएवढी होईपर्यंत कळत नाही काहींना. बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं. आणि मटणाच्या दुकानाबाहेर टाकलेलं खाऊन जगणारी कुत्री तर ठाण्यात प्रत्येक नाक्यावर आहेत. आता फुप्फुसं आणतेच नाही, कधी काही आणलं तर कुकरला चार शिट्ट्या. कुकरही वेगळा, आईची अट.

बाहेर बसलेल्यांत एक मुलगी होती, सहावा महिना चालू, मांजर घेऊन आलेली आणि डोळे रडून सुजलेले, कारण सासरी सगळे म्हणत होते मांजर सोडून ये नाहीतर बाळाला होईल काहीतरी. तिचा नंबर आमच्या आधी होता आणि दार उघडंच असतं (प्रायव्हसी शून्य, हा पण एक मायनस) त्यामुळे सगळं ऐकू आलं. टोक्सोप्लाझ्मा म्हणून एकपेशी परजीवी असतो, मांजरात तो अंडीसारखं काहीतरी तयार करतो जे शीतून बाहेर पडतं. पण मांजर हे आयुष्यात साधारण एकदाच, पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे बाहेर टाकते, आणि बाहेर पडल्या पडल्या ते लागण करत नाही, त्याला पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून डॉक्टर तिला म्हणाले, "मांजर कुठेही सोडायचं नाही, तिचा शीचा ट्रे रोजच्या रोज साफ व्हायला हवा, आणि तो तुझ्या नवऱ्याने करायचा, तू हात लावायचा नाहीस. मांजर घरातच ठेव, कच्चं मटण देऊ नको, तू स्वतः अर्धकच्चं खाऊ नको, भाजी नीट धू, आणि तुझ्या डॉक्टरांना विचारून रक्ताची टेस्ट कर." नवरा शेजारी उभा होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाकी सगळी बाकावरची बायकामंडळी एकदम हो हो करायला लागली.

मलाही एक वाटायचं की आमच्या भाचीला शाळेत फेब्रुवारी-ऑगस्टमधे जंतांची गोळी मिळते, म्हणजे ती सेफ, खारीला मिठी मारली तरी चालेल. तर तसं नाही. ती सरकारी मोहीम माणसांच्या पोटात राहणाऱ्या जंतांसाठी आहे, आणि चांगलीच आहे. कुत्र्याच्या पिल्लांमधला जो राउंडवर्म असतो, जो आईच्या पोटातूनच पिल्लाला मिळतो (खारीचं ते ढोलासारखं पोट!), त्याची अंडी मुलांच्या तोंडात गेली तर अळी पोटात थांबत नाही, लिव्हर, फुप्फुस, कधी डोळ्यात फिरते. तिथे ती मोठी होत नाही, अंडी घालत नाही, म्हणून मुलाची शी तपासून काही कळत नाही, रक्त तपासावं लागतं. पण यातली चांगली गोष्ट ही की ती अंडीसुद्धा ताजी असताना लागण करत नाहीत, मातीत दोन-तीन आठवडे जावे लागतात. म्हणजे मिठीपेक्षा सोसायटीतला वाळूचा खड्डा जास्त वाईट, आणि शी लगेच उचलली तर अर्धं काम झालं.

इथे मला माझं एक कबूल करायचंय. मी शी उचलायचे, पण पावसात नाही. पाऊस धुवून नेतो, असं मी स्वतःला सांगायचे आणि लॉनच्या कोपऱ्यात बघून न बघितल्यासारखं करायचे. पाऊस धुवून नेत नाही, पाऊस पसरवतो. जिथे पाणी साचतं तो लॉनचा उतार बरोब्बर बाबांच्या फेऱ्यांच्या वाटेवर आहे. सगळा दोष खारीचा नसेलही, तिथे चार भटकी आणि असंख्य मांजरं येतात, पण मला कळायचं ते कळलं.

मी हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. चूक केली. दहा मिनिटांत भटक्यांना हाकला पार्टी आणि खायला घालणाऱ्यांची पार्टी अशी जुंपली की मूळ विषय, म्हणजे शी उचला आणि लॉनवर चप्पल घाला, कुठल्या कुठे गेला. हा दवाखाना भटक्यांच्या जंतांच्या गोळ्या औषधाच्या किमतीत देतो, वजन अंदाजे सांगायचं, फी घेत नाही. आम्ही चार घरांनी मिळून सुरू केलंय, गुलाबजाममधे गोळी टाकून. पाचव्या घराचे काका गुलाबजाम वाया घालवू नका म्हणाले, त्यांना वेगळा डबा द्यावा लागला.

एक किस्सा लिहायचा राहिला. मी डॉक्टरांना म्हटलं होतं की एवढं सगळं मायक्रोस्कोपवर कशाला, इतर ठिकाणी नाही बघत. तेव्हा त्यांनी चंद्रपूरची गोष्ट सांगितली. २००४ मधे तिथल्या एका शेतकऱ्याला महिनोन्महिने येऊन जाऊन ताप, कशालाच दाद नाही, आणि रक्ताच्या काचेवर बघितलं तर वळवळणारे ट्रिपॅनोसोमा. हा घोडे, उंट, गुरं यांच्यातला सर्रा रोगाचा जंतू, माणसाला होतच नाही असं सगळे समजत होते, कारण आपल्या रक्तात एक प्रथिन असतं जे त्याला मारतं. नंतर तपासलं तर त्या माणसाच्या रक्तात नेमकं तेच प्रथिन नव्हतं, जन्मतःच. सुरामिन नावाचं औषध मिळवून दिलं, बरा झाला. "कोणीतरी काच डोळ्याला लावली म्हणून कळलं," डॉक्टर म्हणाले आणि लगेच ओरडले, "वीस नंबर!"

खर्चाचं. तपासणी ४०० रुपये, शीची टेस्ट २५०, रक्ताची वेगळी, गोळ्या वजनावर, म्हणजे दीड गोळी मोजून कापून पुडीत बांधून देतात, अख्खी स्ट्रिप गळ्यात मारत नाहीत. पंधरा दिवसांनी परत डोस, कारण गोळी आतड्यातल्यांना मारते, स्नायूंत झोपलेल्या अळ्या नंतर येऊ शकतात. परत तपासणी दोन वेळा झाली, पहिल्यात तीनच अंडी दिसली, दुसऱ्यात काच स्वच्छ. खारीची हिरडी आता आमच्या आईच्या बांगड्यांइतकी गुलाबी आहे. रिपोर्ट हाताने लिहितात, अक्षर असं की मेडिकलवाल्यालाही घाम फुटेल, फोटो काढून ताईंनाच विचारा. यूपीआय कधी चालतं कधी नाही, शंभर-दोनशेचे सुट्टे ठेवा. रविवारी बंद.

आणि पार्किंग. जिन्यासमोर दोन बाइक लागल्या की झालं, रिक्षावाले हॉर्न मारतात, वरून आजारी कुत्रं उचलून जिना चढायचा, लिफ्ट नाही. मोठं कुत्रं असेल तर घरातल्या एका दणकट माणसाला बरोबर न्या. एकदा एक काकू सेंट बर्नार्डला घेऊन आल्या होत्या, तो पहिल्या पायरीवर जो बसला तो बसलाच, शेवटी डॉक्टरच मायक्रोस्कोप सोडून खाली आले आणि फुटपाथवर तपासलं, झेरॉक्सवाल्याने टॉर्च धरला.

बाबा अजून लॉनवर चालतात, पण आता रबरी स्लिपर घालून, आणि रोज एकदा म्हणतात की दव डोळ्यांपर्यंत पोचत नाही. पुढचं सॅम्पल नोव्हेंबरात न्यायचंय. ती डबी बाबांनी धुवून बाल्कनीत वाळत ठेवलीय, आणि आईने तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'लोणच्यासाठी नाही'.